दिवे लागल्यावर

आई, तुझा कॉम्प्युटर अजून सुरू होतो. पंखा आधी चांगला कुरकुरतो, मग कुठे पडदा उजळतो. वारज्याच्या फ्लॅटमध्ये मी तो आणला तेव्हा माझी आयटीतली नोकरी नवी होती आणि कंपनी मला परदेशी पाठवणार होती. तिकडून बोलता यावं म्हणून तुला शिकवायला बसले. बटण एकदम बंद करायचं नाही, मागे हवेला जागा ठेवायची, ओलं फडकं लावायचं नाही. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "जावयाचेही एवढे लाड कुणी करत नाही."

माईकवर तू रोज बोलणं रेकॉर्ड करून सराव करायचीस आणि झाला की ती रेकॉर्डिंगं रिसायकल बिनमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या केराच्या टोपलीत टाकायचीस. ती टोपली मात्र संध्याकाळच्या आत रिकामी करायची, राहिली तर दुसऱ्या दिवशी, हा तुझा नियम. त्या दिवशी मी ऑफिसातून आले, टोपली भरलेली दिसली, रिकामी कर म्हणाले. तू देवापाशी निरांजन लावत होतीस. मागे न वळता म्हणालीस, "दिवे लागल्यावर केर टाकत नाहीत. उद्या बघू." पहाटे तू गेलीस. हृदय थांबलं, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. मी परदेशी गेलेच नाही. कुणाशी बोलायला जायचं होतं?

टोपलीतलं तिथल्या तिथे ऐकता येत नाही, आधी जागेवर परत ठेवावं लागतं. लोकांची मशीनं दुरुस्त करण्यात माझी इतकी वर्षं गेली, पण एवढं करायला हात धजला नाही. आज सकाळी तुझं मशीन दोनदा सुरू होता होता बंद पडलं, तेव्हा घाबरून एक फाईल परत ठेवली. आधी कुकरची शिट्टी ऐकू आली. मग तू, पाठांतर म्हटल्यासारखी: "उघडलेलं सगळं आधी बंद करायचं. मग शटडाऊन. पडदा काळा होईपर्यंत थांबायचं, उठून जायचं नाही. बरोबर ना गं?" बरोबर, आई. किती तरी वेळ मी बरोबर, बरोबर म्हणत रडत होते.

आवाज आता माझ्या फोनमध्ये घेतलाय. हे म्हणतात, आता तरी ते धूड काढ. त्यांचं काही चुकत नाही. पण हे पत्र मी त्याच मशीनवर लिहितेय, तेही तिथेच राहणार. भंगारवाला सकाळी येतो म्हणाला होता, मी त्याला संध्याकाळी सातनंतर बोलावलंय. आला की दारातच सांगेन, दिवे लागलेत, आज नाही, उद्या या. आणि उद्याचीही वेळ मी संध्याकाळचीच देणार आहे.