‘मुलांना’ म्हणजे कोणाला, याचा खुलासा

मी, खाली सही करणारी, वय पन्नाशीच्या पलीकडे, व्यवसाय वार्ताहरकी, शिक्षण संस्कृत (त्याचा व्यवसायाशी संबंध नाही), हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. याबाबत आमच्या संपादकांचे मत वेगळे असल्यास ते त्यांनी स्वतःजवळ ठेवावे. कोणी धाक घातलेला नाही. गळ घातली, ती वहिनींनी.

कारण असे. माझा धाकटा भाऊ प्रवासी बोटीवर आचारी आहे. उद्या त्याच्याच बोटीने आम्ही सगळे सुटीवर निघतो. वहिनी म्हणाल्या, “वन्सं, सगळं घर एकाच बोटीत. काही झालं म्हणजे? कागद करून ठेवा, आमचे हेही करताहेत.” सगळेच बुडालो तर कागद वाचायला कोण उरणार, असे मी विचारले. “तुमच्या जिभेला काही हाड?” म्हणाल्या. म्हणून हा खटाटोप.

१. घर. ते समजण्यासाठी आधी बाबा समजले पाहिजेत. बाबा तारमास्तर होते. जन्मभर लोकांच्या सुखदुःखातले शब्द मोजून त्यांनी पैसे घेतले, त्यामुळे स्वतःचा शब्द फुकट घालवणे त्यांना जिवावर येई. त्यांचे मृत्युपत्र सबंध देते: “घर मुलांना. भांडू नये.”

आम्ही भावंडे तीन: दादा, मी, धाकटा. संस्कृतात दोघांसाठी द्विवचन असते आणि तिघांपासून बहुवचन. बाबा संस्कृतात लिहिते तर दोन मुलगे की तीन अपत्ये, हे एका प्रत्ययाने कळले असते. मराठीने द्विवचन मोडीत काढले. आणि ‘मुले’ या शब्दात मुली कधी आत बसतात, कधी उंबऱ्याबाहेर उभ्या राहतात. दादाने त्या बाहेर उभ्या केल्या. वरचा मजला त्याने घेतला, तळमजला धाकट्याला आला. धाकट्याने बक्षीसपत्र करून तो माझ्या नावे केला. म्हणाला, “ताई, मला व्याकरण कळत नाही, तू कळतेस.”

तेव्हापासून जिना एक आणि बोलणे दोन विषयांवर: पाण्याची टाकी आणि विजेचे बिल. तेही वहिनींमार्फत. बाबांच्या दुसऱ्या वाक्याचे आम्ही तंतोतंत पालन केले. भांडलो नाही. भांडायला बोलावे लागते.

परवा दुपारी जिन्यावर दादाच्या चपला वाजल्या आणि चक्क माझ्या दाराशी थांबल्या.

“काय पंडितीणबाई, आहात का घरात?”

“दार उघडं आहे, म्हणजे असेन.”

त्याच्या हातात त्याच्या मृत्युपत्राचा मसुदा होता. “जरा बघ. पोरगी विचारते, ‘बाबा, यात मुलांना लिहिलंय, ते मला धरून की सोडून?’”

“मग काय सांगितलंस?”

“म्हटलं, आत्याला विचारून येतो.”

“मी शुद्धलेखन बघते, दादा. अर्थ लिहिणाऱ्याने द्यायचा असतो.”

तो बसला नाही आणि गेलाही नाही. खिडकीची कडी उगाच लावून, काढून पाहिली. मग म्हणाला, “धरून लिहायचं असेल, तर कसं लिहितात?”

“‘मुलीला व मुलाला.’ एक शब्द जास्त लागतो, आणि एक ‘व’.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“बाबांनाही एवढंच लागलं असतं,” दादा म्हणाला आणि माझेच पेन उचलून त्याने दुरुस्ती केली. पेन परत दिलेले नाही, याची नोंद असावी.

माझ्या आधीच्या मसुद्यात तळमजला एकट्या भाचीला होता, कारण वरून तिच्या हाती काही पडेलसे वाटत नव्हते. ते कारण संपले. म्हणून: माझ्या पश्चात तळमजला माझ्या भाचीला व भाच्याला, दोघांना, समसमान. येथे द्विवचन समजावे. (धाकट्याला विचारले; दिलेले परत घेत नाही, म्हणाला.)

२. संस्कृत कोश भाचीला. ती दातांच्या कवळ्या बनवते. उच्चारस्थानांपैकी एक तरी तिच्या ताब्यात आहे. भाच्याला माझी आरामखुर्ची. तो तिच्यात आताही झोपलेला आहे.

३. संपादकांना लाल शाईची दौत. माझ्या बातम्यांवर त्यांची बरीच खर्च झाली आहे. समोरच्या शिंप्याने एका पावसात नेलेली छत्री त्याला दिली असे समजावे, म्हणजे तो मला पाहून रस्ता ओलांडायचा थांबेल.

४. बाबांचे तार पाठवायचे पितळी यंत्र. हे दादासाठी ठेवले होते. लहानपणी त्याला ते हवे होते आणि बाबा हात लावू देत नसत. हे कलम आज सहीच्या टेबलावर बदलावे लागले. साक्षीला दादा बसला, तेव्हा वकीलबाईंनी थांबवले. “साक्षीदाराला यातून काही घेता येत नाही. त्याच्या बायकोलाही नाही. तुम्हाला यंत्र हवं असेल, तर दुसरा साक्षीदार बघू.”

दादाने यंत्राच्या कळीवर बोट ठेवले, एकदा दाबले. म्हणाला, “पोरीला द्या. सही मीच करणार.”

तेव्हा यंत्र भाचीला. वहिनींसाठी ठेवलेला मिक्सर त्याच नियमापायी आजच हयातीत वर पाठवला आहे.

५. आम्ही सगळेच परत न आल्यास तळमजला विकून पैसे गावच्या वाचनालयाला द्यावेत. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्या बोटीत बसत नाहीत, त्यांना बोट लागते.

वरील मजकूर मीच लिहिला, मीच वाचला, आणि तारमास्तरांच्या मुलीला न शोभेल इतका लांबवला. पण कोणी बाहेर राहिलेले नाही.

ठिकाण: तळमजला, जिन्यालगतची खोली
दिनांक: सुटीच्या आदला दिवस, मंगळवार

(सही) लिहून देणार: वरच्या मजल्याची आत्या

साक्षीदार:
(सही) कोपऱ्यावरचे दंतवैद्य, भाची यांच्याकडे नोकरीला आहे. डोक्याची खात्री देत नाहीत, दातांची देतात.
(सही) थोरला भाऊ. सहीखाली स्वहस्ते, माझ्याच पेनाने: “वाचले. बहिणीला धरून. भांडण नाही.”