निवडणीतल्या बेबाबाई

जळगाव,
८ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप अक्कास,
दिपमालाचा सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडते आणि तू भलतंच ऐकतेस, म्हणून हे पत्र. आयुष्यभर धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडलेस, आता भाचीचा एक फोन तुला पेलत नाही.

मी डाळ मिलमध्ये सुपरवायझर झाले आणि पहिलंच काम नकोसं वाट्याला आलं. बारा बायका सूप घेऊन डाळ निवडायला बसायच्या, ती निवडणी दिवाळीआधी बंद झाली. रंग पाहून डाळ निवडणारं मशिन आलंय. शेठनी कुणाला काढलं नाही, सगळ्यांना मशिनवर आणि पॅकिंगला घेतलं. तरी बायका धास्तावल्या आहेत.

मला काळजी आहे ती बेबाबाईंची. बावीस वर्षं त्या निवडणीत होत्या. त्यांचे यजमान तोताराम आमच्याच मिलमध्ये डाळ वाळवायचे, ते ऑगस्टमध्ये अचानक गेले. आम्ही बाईंना फार जपतो. मी त्यांना पिशव्यांवर लेबल चिकटवायचं हलकं काम दिलंय. त्यांच्यासमोर कुणी हसत नाही, तोतारामभाऊंचं नाव काढत नाही. सुटी झाली की बायका काही न बोलता गुपचूप निघतात. एवढं करूनही काल म्हणाल्या, एक तारखेपासून मी येणार नाही. घरात एकट्या बसून त्या काय करतील, या विचाराने माझा जीव थाऱ्यावर नाही. माझं काय चुकतंय?

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर लवकर धाड.

तुझी,
दिपमाला


धुळे,
१३ नोव्हेंबर

चि. दिपमाला हिस,
अक्काचे अ. उ. आ.

माझ्या कानांची चेष्टा पोचली. डोळे अजून शाबूत आहेत.

तुम्ही मिलचं दुखवट्याचं घर करून टाकलंय. कुणाच्या दारावर दुःखाला भेटायला गेलं की निघताना 'येते' म्हणत नाहीत, पण ते त्या घरापुरतं. त्या बाईला तुम्ही रोज कामाच्या जागी तसंच सोडून जाता. तिने सुतक संपवायचं कुठे?

आमचे हे गेले, त्याच वर्षी आमचा फोन जोडायचा बोर्ड काढला आणि फोन आपोआप लागायला लागले. ऑफिसातल्या लोकांनी दयेपोटी मला कोपऱ्यात रजिस्टरं पुसायला बसवलं. माणसं वाईट नव्हती. पण नवरा गेला आणि आता आपण कशाच्याच कामाच्या नाही, असं मला रोज वाटायचं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मोहिनीने मात्र नव्या यंत्राचं जाडजूड पुस्तक माझ्यापुढे आपटलं, म्हणाली, मला एकटीला हे समजत नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी पोटभर जेवले.

बाईला अवघड काम दे. वेळ पडली तर तिच्याशी भांड. तोतारामचं नाव घे, रडली तर रडू दे. आणि निघताना नीट सांगून निघा.

जेवणाची आबाळ करू नकोस. लोभ आहे म्हणूनच एवढं बोलले.

तुझी अक्का


जळगाव,
२७ नोव्हेंबर

तीर्थरूप अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग लाज वाटली. त्याच संध्याकाळी मी सगळ्यांसमोर म्हटलं, बेबामावशी, येते. बायका माझ्याकडे बघतच राहिल्या. बेबामावशी मात्र फाटकापर्यंत माझ्याबरोबर चालत आल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना मशिनवर उभं केलं. किरण मेकॅनिक म्हणाला, सेटिंग बरोबर आहे. बाईंनी मशिनने बाहेर टाकलेली डाळ मुठीत घेतली, तळहातावर पसरली आणि त्याच्यावर उखडल्या, "हाई दाय चांगली शे, काबर फेकी ऱ्हायना?" मशिन खरंच चांगली डाळही फेकत होतं. त्याने तीनदा सेटिंग बदललं. बाईंचं समाधान होईपर्यंत जेवणाची सुटी उलटून गेली.

डबा खाताना मी विचारलं, डाळ वाळली हे तोतारामभाऊंना कसं कळायचं. अक्का, त्या रडल्या, आम्ही सगळ्या रडलो. मग सांगू लागल्या, की ते दाणा दाताखाली फोडून आवाज ऐकायचे, आणि दिवसभर दाणे फोडून फोडून घरी जेवण नको म्हणायचे. शेजारच्या तानुबाईंना हसू आवरेना, तशा त्याही हसल्या.

पण एक तारखेबद्दल त्या बोलेनात आणि मला विचारायचा धीर होईना. आज दुपारी टेबलाशी आल्या आणि माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. अमळनेरला लेकीकडे जायचंय, दोन दिवसांची रजा हवी. तारखा विचारल्या तर म्हणाल्या, डिसेंबरची पाच आणि सहा. सही करून वर दम दिला, की तेवढ्या दोन दिवसांत किरणला मशिनला हात लावू देऊ नकोस.

मी अर्ज मंजूर केला आणि गोदामामागे जाऊन रडून घेतलं.

तुझे आशीर्वाद असेच रागावून पाठवत जा.

दिपमाला