डावा हात कमरेला

४ नोव्हेंबर, मंगळवार

खळ्यात तुळशीच्या लग्नाचा पसारा अजून तसाच. झाडू हातात घेतला तर मेघाचा मुंबईहून फोन. "आई, बाबा मोबाइलवर आलेत!" म्हटलं, रोजच असतात, लाइटबिल तेवढं भरता येत नाही. "तसं नाही गं! जुना व्हिडिओ. मौत का कुवा. लाखांनी लोक बघतायत."

लेकीने पाठवला. ह्यांनी चष्मा लावला, मी पाठीमागून बघितलं. अलोऱ्याच्या कॉलनीचं मैदान. कोणा इंजिनिअरने तेव्हा वरच्या कठड्यावरून कॅमेऱ्यात घेतलेलं, आता त्याच्या मुलाने टाकलं. काळं जाकीट, हेल्मेट, गॉगल, तोंडाला फडकं. गाडी उभ्या फळ्यांवर चढते, गरगरते, आणि मग स्वार दोन्ही हात सोडून आरामात मांडी घालून बसतो. खाली नाव, वादळ वसंत.

हे म्हणाले, "बघ, बघ, कसे सोडलेत हात!"

मला वाटलं चेष्टा करतायत. वाकून तोंड बघितलं. चेष्टा नव्हती.

अहो, ती मी आहे.

५ नोव्हें.

लिहून ठेवते. नायतर आणखी चार दिवसांनी मलाच खोटं वाटायला लागेल. डायरी खतवाल्या दुकानाची, फुकटची, अर्धी कोरीच आहे.

त्या साली अलोऱ्याला शो लागला आणि दुसऱ्याच दिवशी ह्यांचं मनगट मोडलं. भिंतीवर नव्हे. फळ्या आवळताना पान्हा सटकला. शोचे मालक डोक्याला हात लावून बसले. वसंताच्या नावावर गर्दी, आणि वसंता प्लास्टरमध्ये.

मी तिकीटखिडकीवर असायची. पण आदल्या पावसाळ्यात आम्ही देवरुखला अडकून पडलो होतो, तेव्हा ह्यांनीच मला हौसेने गाडी शिकवलेली. आधी जमिनीवर, मग उतारावर, मग उभ्या भिंतीवर. पडले, सोलपटले, शिकले. मालकांना ठाऊक होतं. म्हणाले, "वसंताचं जाकीट चढव, तोंड बांध. कोणाला कळता नये." बुटांत चिंध्या कोंबल्या. बाहेर माचीवर अनंता भावजी भोंग्यावर ओरडायचे, "वादळ वसंत! वादळ वसंत!" त्यांनाही पत्ता नाही. तो माणूस जन्मभर बाहेर बोंबलला, आत काय चालतं ते कधी बघितलं नाही.

अलोरे, संगमेश्वर, दापोली. पाऊस लागेपर्यंत मीच. हे तंबूत, हात गळ्यात.

पुढच्या साली हे परत चढले. चांगले चालवायचे, खोटं कशाला बोलू. पण दोन्ही हात सोडून बसणं त्यांना कधी साधलं नाही.

६ नोव्हें.

हे मीच गिळलं, हेही लिहायला हवं. तेव्हा म्हणाले, "आत्ता नको गो, सुले. बायको भिंतीवर आणि नवरा तंबूत, असं लोकांना कळलं तर आपली मेघा कोण करून घेणार? तिचं लग्न होऊ दे, मग मीच सांगीन." गावच्या देवीपुढे नारळ ठेवून बोलले होते. गाऱ्हाणं मी घातलं होतं.

मेघाच्या लग्नाला सहा वर्षं झाली. मेघालाही माहीत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

आज सकाळी बुलेटवाल्यांचा क्लब दारात. आठ-नऊ जण. सगळे ह्यांच्या पाया पडले. रत्नागिरीत हॉल घेऊन सत्कार करणार, २२ तारखेला.

चहा करून बाहेर आले तर एकजण गाडीवर बसलेला. किक मारायच्या आधी डावा हात कमरेला नेला, बोटांनी काहीतरी आत खुपसल्यासारखं केलं, आणि मग किक. बाकीचे ओरडले, "वादळ स्टाइल!" म्हणे सगळीकडे पोरं आता असंच करतात. व्हिडिओत आहे. वादळ वसंत भिंतीवर चढायच्या आधी दर खेपेला तसं करतो.

कपबश्या पडवीतच ठेवल्या.

अरे मेल्यांनो, तो पदर आहे! भातलावणीला उतरायचं, पाणी ओढायचं, कोणाशी भांडायचं, काहीही करायचं तर आधी पदर खोचायचा. उजवा हात अ‍ॅक्सिलेटरवर, डावा मोकळा, तो आपणहून कमरेला जायचा. अंगात जाकीट आहे, पँट आहे, पदर नाही, हे त्या हाताला कोण सांगणार? मालक रोज ओरडायचे. सुटली नाही सवय.

हे हसत होते. "आपली स्टाइलच ती," म्हणाले.

१३ नोव्हें.

मन लागत नाही. उन्हाळ्यातली आमसुलं पुन्हा उन्हात टाकली ती काढायलाच विसरले. दवाने सगळी भिजली.

जेवताना सरळ विचारलं. "सत्काराला सांगाल ना?"

"काय?"

"काय म्हणजे? मी होते ते."

"बघू. वेळ बघून सांगू."

"तीस वर्षं वेळच बघताय."

ताटावरून उठले. भात टाकला. ह्यांनी भात टाकलेला मी आजवर बघितला नव्हता.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज जे झालं ते कोणाला सांगायचं?

भाजी निवडत होते. हे आत कपाटाच्या आरशापुढे उभे. डावा हात कमरेला, परत उजवा, परत डावा. जमत नव्हतं. मग स्वयंपाकघराच्या दारात आले आणि मला विचारतात, "सुले, कसं गो करायचीस ते? बोटं आत की बाहेर?"

मला विचारतात! म्हणजे माहीत आहे. विसरलेले नाहीत. इतके दिवस मी मनाची समजूत घालत होते, वय झालं, बापड्याला खरंच तसं वाटत असेल. फसवलं म्हणतात ते हेच, आणखी वेगळं काय असतं?

म्हटलं, "लुगडं नेसून बघा एकदा, कळेल."

हसले! आणि उभेच राहिले, शिकवीन म्हणून.

शिकवलं. का शिकवलं देव जाणे. त्यांचा हात धरून कमरेला नेला, बोटं दुमडून दिली. मनात आलं, इतकं केल्यावर तरी लाज वाटेल आणि सांगतील.

२१ नोव्हें.

मेघाचे दोन फोन. तिला रजा नाही, पण मोबाइलवर लाइव्ह बघणार. "आई, पैठणी नेस. बाबांच्या शेजारी चांगली दिसली पाहिजेस."

शेजारी.

मी अजून आशा धरून आहे. लिहायला शरम वाटते.

२२ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी

झालं.

हॉल भरलेला. क्लबने ह्यांना नवं काळं जाकीट दिलं, त्याला सात खिसे. शाल, श्रीफळ. मग निवेदन करणारी मुलगी म्हणाली, "काका, सगळ्यांना एकच विचारायचंय. त्या वादळ स्टाइलचं रहस्य काय?"

मी मान वर केली. हीच ती वेळ. आयती ताटात वाढून आलेली. हे माझ्याकडे बघून खाकरले. मला खरंच वाटलं, आता...

म्हणाले, "जाकिटाच्या खिशात आमच्या देवीचा अंगारा असायचा. त्याला हात लावल्याशिवाय मी भिंतीवर चढलो नाही."

केवढ्या टाळ्या! त्याच देवीचा अंगारा. जिच्यापुढे नारळ ठेवून शब्द दिला होता.

मग मला वर बोलावलं. हे माइकवर म्हणाले, "या माउलीने तिकिटं फाडली, डबे केले, ही खंबीरपणे पाठीशी उभी राहिली." माझी ओटी भरली. ओटी घ्यायला पुढे झाले, साडी पायात यायला लागली, डाव्या हाताने पदर खोचला. भरल्या हॉलपुढे, स्टेजवर. समोर नऊशे डोळे असतील. एकालाही काही दिसलं नाही.

पहिल्या रांगेत अनंता भावजी होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला वाटलं, हात दुखत असतील, संधिवात आहे.

२३ नोव्हें.

मेघा रडली म्हणे बघताना. "बाबांनी तुझंही नाव घेतलं, आई."

घेतलंच नाही. माउली म्हणाले.

ह्यांच्याशी बोलत नाही. रडूही येत नाही. राग आहे. एवढंच आठवतं राहून राहून, गाडी भिंतीवर गेली की फळ्या गडगडायच्या आणि मी एकदाही घाबरले नव्हते. घाबरले ती ह्यांचं तोंड उतरेल म्हणून, जन्मभर.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

हे बाजारात गेलेले. अनंता भावजींचा फोन.

"वहिनी, एक विचारू? रागावू नका. त्या जाकिटाला खिसेच नव्हते. संगमेश्वरच्या टेलरकडून मीच शिवून आणलेलं. मालकांनी बजावलं होतं, खिसे नकोत, कुठेतरी अडकतं. मग वसंता अंगारा कुठे ठेवायचा?"

तेच पुढे म्हणाले,

"आणि दुसरं. तो व्हिडिओ घरी लावलेला. आमची ही भाकरी थापत होती, तिथूनच म्हणाली, अगोबाई, पदर खोचून गाडी चालवते ही कोण?"

लाखांनी बघितला. ओळखलं एका बाईने, तव्यावरची भाकरी उलटता उलटता.

भावजी म्हणाले, "वहिनी, मी कोणाचं नाव घेऊन ओरडत होतो एवढे दिवस?"

सांगायला तोंड उघडलं होतं. पण म्हटलं, नाही. शब्द मी दिला नव्हता, ह्यांनी दिला होता. म्हटलं, "रविवारी जेवायला या. दोघेही या. जे विचारायचं ते ह्यांना विचारा."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ह्यांना सांगितलं. भावजी रविवारी येतायत, बायकोला घेऊन.

"कशाला?"

"खिशाचं विचारायला."

टीव्ही मोठा केला. मग बंद केला. रिमोट बाजूला ठेवला. मग म्हणाले, "सुले, लोक हसतील गो."

"कोणाला?"



ते सोडून विचारलं, "तू काय सांगणार त्यांना?"

म्हटलं, "मला नाही, तुम्हाला विचारणारेत. मी बांगडे करणार आहे."

मग ट्रंक उघडली. तळाला जुनं जाकीट होतं, कुबट वास मारत होता. झटकलं आणि खळ्यातल्या दोरीवर उन्हात टाकलं, दोन्ही बाजू नीट पसरून. कुठेच खिसा नाही. हे पडवीत बसून बघत होते. काढ म्हणाले नाहीत. ऊन कलल्यावर मी आमसुलं आत घेतली, जाकीट नाही घेतलं. रविवारपर्यंत तिथेच राहील, ह्यांनी काढलं नाही तर.