त्यांचा उजवा तो आपला डावा

बाबा, तुमचं गोल्फचं पुस्तक पुन्हा छापायचं चाललंय. गिरगावातल्या तुमच्या प्रकाशकांचा नातू आता दुकान बघतो, त्याचा फोन आला होता. तुम्ही लिहिलेली खेळांची सगळी पुस्तकं, म्हणजे कबड्डी, खो-खो, लेझीम, कॅरम आणि गोल्फ, एका खोक्यात घालून संच काढायचा आहे, मुलगी म्हणून माझी काही हरकत नाही ना, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही. तेव्हा मी ऑफिसात जेवायला बसले होते आणि डब्यातली भेंडी निवत होती. इतक्या वर्षांनी तुमचा विषय निघाला आणि मला काळजी भेंडीची. तुम्ही गेलात तेव्हाही असंच झालं होतं. परळच्या हॉस्पिटलातून तुम्हाला घरी आणलं, चाळ लोटली, तुमचे जुने विद्यार्थी गॅलरीत ओळीने उभे राहिले, कवायतीला उभे राहायचे तसेच, आणि मी शेजाऱ्यांनी आणलेला चहा सगळ्यांना पुरेल का ते बघत होते. मावशीने मला दंडाला धरून विचारलं, "गे, तू रडणस कित्याक नाय?" मी कप मोजत राहिले. रडू दाबून ठेवलं होतं असंही नाही, ते आलंच नव्हतं.

बाकीचे खेळ तुमच्या अंगात होते. तुम्ही शाळेत पी.टी. शिकवायचात, गिरणी कामगारांची ती दांडगी पोरं तुमच्या एका शिट्टीवर सरळ व्हायची. गोल्फ मात्र तुम्ही उभ्या जन्मात पाहिला नव्हता. प्रकाशकांना मालेत एक साहेबी खेळ हवा होता, लिहायला कोणी मिळेना आणि तुम्हाला नाही म्हणता येत नसे, निदान घराबाहेरच्या माणसांना. "लिहितो की," म्हणून मान डोलावून आलात आणि घरी येऊन आईला विचारलंत, "गोल्फ म्हणजे घोड्यावर बसून खेळतात तो, की दुसरा?" आई भाकऱ्या थापत होती. "माका काय इचारतास? मी काय थंय खेळूक जातंय?" असं म्हणून तिने तव्यावरची भाकरी उलटली. तेवढ्यावर त्या पुस्तकाचं काम सुरू झालं.

मग ते म्हातारे पारशी डॉक्टर भेटले, परळ नाक्याजवळ दवाखाना होता त्यांचा. त्यांच्याकडे गोल्फची कपाटभर पुस्तकं होती. खेळाडूंची चरित्रं, तंत्र शिकवणारे जाडजूड ग्रंथ, देशोदेशींच्या मैदानांचे रंगीत फोटो. तुम्ही दोन-दोन पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचात आणि हात धुऊन, पुसून मगच उघडायचात. आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती, लांबून बघायचं. मला मैदानांचं पुस्तक आवडे. समुद्राच्या काठाने गवतच गवत, त्यात एक माणूस दाण्याएवढा उभा, आणि बाकी कोणी नाही. आमच्या खोलीत रात्री अंथरुणं घातली की पाय ठेवायला जागा उरत नसे, त्यामुळे मला ते चित्र खोटंच वाटायचं. आई एकदा तुमच्या खांद्यावरून वाकून बघते आणि म्हणते, "आमची अख्खी वाडी मावात ह्याच्यात, आंब्यांसकट." तुम्ही हसत नाही. तुम्ही शब्दकोश उघडून कुठलातरी शब्द शोधत असता आणि ओठ हलत असतात.

रविवारची सकाळ. चित्रं काढायला तुमच्या शाळेतले ड्रॉइंगचे सर येऊन बसलेत आणि मी खोलीच्या मधोमध उभी आहे. दोन वेण्या, फ्रॉक, हातात तुमची काळी छत्री उलटी धरलेली, म्हणजे वाकडी मूठ जमिनीला टेकलेली. मुठीपुढे एक लहान बटाटा. तुम्ही कॉटवर बसलाय, मांडीवर डॉक्टरांचं पुस्तक उघडं. फोटोतला गोरा माणूस आपल्याकडे तोंड करून काठी धरून उभा आहे, आणि तुम्ही मला तसं उभं करताय. मी उजवा हात खाली धरते, कारण त्याचा उजवा खाली आहे. तुम्ही उठून माझे हात सोडवता आणि डावा खाली लावता. "तो आपल्यासमोर उभा आहे ना? म्हणजे तो सर. समोर उभे राहून सर दाखवतात तेव्हा काय लक्षात ठेवायचं? त्यांचा उजवा तो आपला डावा." हे मला पाठ होतं. तुमच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक पोराला पाठ होतं. कवायतीत तुम्ही वर्गाकडे तोंड करून "उजवा हात वर" म्हणताना स्वतःचा डावा उचलायचात, म्हणजे पोरांचा गोंधळ होत नसे. आयुष्यभराची सवय ती. पुस्तकातही जिथे जिथे इंग्रजीत उजवा होता तिथे तिथे तुम्ही नेमाने डावा केलात, आणि डाव्याचा उजवा. एकही जागा सोडली नाहीत. मराठी मुलांचा गोंधळ होऊ नये म्हणून.

त्या रविवारी मी किती वेळ उभी होते कोण जाणे. पोटऱ्या भरून आल्या. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "ता चेडू कधीपासना उभा आसा. पाय मोडले तर लगीन कोण करतलो त्याच्याशी?" ड्रॉइंगचे सर हसले. मला बरं वाटलं, कोणीतरी माझ्याविषयी बोललं म्हणून, आणि मी मान वळवून तुमच्याकडे बघितलं. तुम्हाला राग आला. "हलू नकोस. तुला कोण बघतंय इथे? आम्ही पवित्रा बघतोय." रागावून बोललात तेही पुस्तकाकडे बघूनच. मी पुन्हा बटाट्याकडे बघायला लागले. ते वाक्य मला लागलं असेल तर तेव्हा कळलं नाही. पुढे कितीतरी वर्षं, परीक्षा, नोकरी, माझं लग्न, ते मोडलं, प्रत्येक वेळी मी तुमच्यासमोर उभी राहिले की तुम्ही माझं काहीतरी बघायचात, पाठीचा कणा सरळ आहे की नाही, बोलताना हात कुठे आहेत, आणि मी कुठे आहे हे काही तुम्हाला दिसायचं नाही. वाईट बाप नव्हतात तुम्ही. हात उगारला नाहीत, फी कधी थकवली नाहीत. बघितलं मात्र नाहीत.

पुस्तक छापून आलं तेव्हा मी माझी चित्रं शोधली. हात माझे, पाय माझे, कमरेची ती वळण्याची रीत माझी. वर डोकं कोणा मिशीवाल्याचं, टोपी घातलेलं, फ्रॉकच्या जागी विजार. "गोल्फ काय मुली खेळतात?" असं ड्रॉइंगचे सर म्हणाले म्हणे. सुरुवातीला तुम्ही सगळ्यांचे आभार मानले होते, मुख्याध्यापकांचे, डॉक्टरांचे, ड्रॉइंगच्या सरांचे, वेळेवर चहा दिल्याबद्दल आईचेसुद्धा. माझा उल्लेख नव्हता. मी दोनदा वाचलं. मग तुमच्याबरोबर डॉक्टरांकडे प्रत द्यायला आले. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, चित्रं मात्र त्यांनी एकेक करून सावकाश पाहिली. चित्रांसाठी मी उभी राहिले होते, हे मीच त्यांना सांगितलं. मधेच चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "डिकरी, तू कंच्या हाताने लिवते?" मी उजवा हात दाखवला. त्यांनी पुस्तक मिटलं, तुमच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "मास्तर, फर्स्ट क्लास!" तुम्ही त्या दिवशी लालबागपर्यंत चालत आलात, वाटेत मला उसाचा रस पाजलात. इतकं खूश मी तुम्हाला पुन्हा पाहिलं नाही. कबड्डीचं पुस्तक तुमचं खरं चांगलं होतं, पण विचारणाऱ्याला तुम्ही गोल्फचंच दाखवायचात.

आता माझं ऑफिस परळच्याच एका टॉवरात आहे, गिरणीच्या जागेवर. खालच्या मजल्यावर हल्ली एक गोल्फची खोली निघालीये. खोलीच, मैदान नाही. समोर भिंतभर पडदा, पडद्यावर कुठल्यातरी देशातलं गवत आणि समुद्र, आणि आपण इकडून चेंडू मारायचा. गेल्या महिन्यात सगळ्या स्टाफला तिथे नेलं, एकी वाढावी म्हणून. मी निवृत्तीला टेकलेली बाई, कोपऱ्यात बसून सरबत पीत होते. पोरींनी ओढून उभं केलं. शिकवणाऱ्या मुलाने हातात काठी दिली आणि माझं अंग आपोआप उभं राहिलं. गुडघे किंचित वाकले, खांदे उतरले, डावा हात खाली गेला. पोरगा बघतच राहिला. "मॅम, आपने पहले खेला है? स्टान्स एकदम परफेक्ट है. बस, उल्टा है." मी विचारलं, उलटा म्हणजे? "मतलब लेफ्टी का है. आप लेफ्टी हो?" माझ्या टेबलाशेजारची मुलगी म्हणाली, "छे, मॅडम तर उजव्या हाताने लिहितात." सगळ्या हसल्या. पोराने मला हाताला धरून फिरवलं, उजवा खाली लावला, आणि त्या बाजूने माझ्याने काठी उचलवेना.

तिथे उभ्या उभ्या सगळा उलगडा झाला. तुमची कवायत, तो फोटो, डॉक्टरांचा प्रश्न. इंग्रजी पुस्तकातला उजवा म्हणजे खेळणाऱ्याचाच उजवा होता, तो फिरवायचाच नव्हता. डॉक्टरांना कळलं होतं, बाबा. पहिल्याच पानाला कळलं असणार. सज्जन माणूस, गप्प बसले. आणि एवढ्या वर्षांत एकाही वाचकाचं पत्र आलं नाही, कारण तुमचं पुस्तक वाचून गोल्फ खेळायला गेलेला मराठी माणूस बहुधा झालाच नाही. मी घरी आले, करी रोडच्या आमच्या नव्या इमारतीत लिफ्टने वर गेले, पुस्तक काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. सगळं उलटं आहे. एकही चूक नाही, आणि सगळं उलटं. मला हसू यायला हवं होतं किंवा वाईट वाटायला हवं होतं. मी कुकर लावला.

प्रकाशकांच्या नातवाला मात्र सांगणं भाग होतं, संच छापायला जाणार होता. तो म्हणाला, "काकू, मग गोल्फचं वगळूया. नाहीतर कोणीतरी पानांचे फोटो नेटवर टाकेल आणि लोक सरांची टर उडवतील. कबड्डीचं आहे, खो-खोचं आहे, तेवढी पुरेत." बरोबरच होतं त्याचं. हो म्हणायला माझं तोंड उघडलं. तुम्हाला आता काय फरक पडणार होता? पण उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभे असलेले तुम्ही दिसलात, ओठांना फेस लागलेला, बगलेत ते पुस्तक, आणि मी म्हणाले, "उद्या सांगते." दुसऱ्या दिवशी मीच फोन केला. म्हटलं, "चूक नाहीये ती. ते पुस्तक डावखुऱ्यांसाठीच आहे. कव्हरवर तेवढा शब्द छापायचा राहून गेला होता." पोरगा खुर्चीतून उठलाच असावा. "काय सांगता! डावखुऱ्यांसाठी गोल्फ, तेही मराठीत, तेही त्या काळात? काकू, हे तर संचात पहिलं ठेवायला हवं. तुम्ही अर्धं पान प्रस्तावना लिहून द्या. सरांना हे कसं सुचलं तेवढंच लिहा."

मी लिहिलं, बाबा. एका बैठकीत लिहिलं. ऑफिसात साधी रजेची चिठ्ठी लिहायला मला दहा वेळा खोडावं लागतं, हे सरळ आलं. 'माझे वडील पी.टी.चे शिक्षक होते. मी त्यांची एकुलती एक मुलगी, डावखुरी. शाळेत सगळे खेळ उजव्यांच्या सोयीने शिकवले जातात आणि मी मागे राहते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून हे पुस्तक त्यांनी माझ्यासाठी लिहिलं. यातली प्रत्येक आकृती माझी आहे. रविवारी सकाळी मला समोर उभं करून ते तासन्‌तास माझ्याकडे बघत आणि मग लिहीत.' पोराने ते वाचून लगेच फोन केला. "काय माणूस होता हो काकू, मुलीसाठी अख्खं पुस्तक!" मी हो म्हटलं. आवाज हलला नाही माझा.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, तशी सोयही नाही. असती तरी टाकलं नसतं, कारण तुम्ही लाल पेन घेऊन बसला असतात आणि त्या प्रस्तावनेतली वाक्यं एकामागून एक खोडली असती, आणि ते योग्यच झालं असतं. एक गोष्ट तेवढी कबूल करते. प्रस्तावना छापायला गेली तरी तिची प्रत माझ्या फोनमध्ये आहे, आणि रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की मी ती उघडते आणि वाचते. खोटी आहे हे माहीत असून वाचते. तुमची आठवण येते असं मी म्हणणार नाही. पण त्या अर्ध्या पानातल्या मुलीचा मला फार हेवा वाटतो.