खाणवस्तीच्या अहवालावरची माझी सही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, शाळांतल्या मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या घेण्याच्या नोकरीतून निवृत्त, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दबावाला वा गोडीगुलाबीला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. यापूर्वी केलेली तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. माझे मन ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. एकतीस वर्षे मी दुसऱ्यांच्या मुलांना असल्याच गोष्टी करायला लावल्या. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले की तळहाताला घाम सुटतो हे मला या वयात कळले. दोनदा चुकले. दाखला तरीही मिळाला.

वकीलबाई म्हणतात, "ताई, मृत्युपत्रात फक्त मालमत्ता लिहायची. बाकीचं वेगळ्या पत्रात लिहा." पण ही मालमत्ता माझ्याकडे कशी आली हे सांगितल्याशिवाय ती कोणाला का देते आहे ते कळणार नाही. म्हणून त्यांची लाल पेन्सिल मी काढून घेतली आहे.

कलम १. राहते घर, मागच्या अंगणातल्या कारखान्याच्या शेडसह, माझ्या धाकट्या भावाला पूर्ण मालकी हक्काने द्यावे.

वडिलांनी हे घर एकट्या माझ्या नावावर केले होते. "धाकट्यास व्यवहाराची समज बेताची असल्याने" असे शब्द त्यांच्या मृत्युपत्रात आहेत. ते शब्द मी त्यांच्या तोंडात घातले. मी बावीस वर्षांची होते, चाचण्यांचे शिक्षण घेत होते आणि सरावाला एक मूल हवे होते. भाऊ तेरा वर्षांचा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी लाल-पांढरे ठोकळे मांडले, त्यांतून जुळवायचे चित्र समोर ठेवले आणि हातात स्टॉपवॉच धरले. त्याने प्रत्येक ठोकळा उचलून सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. वेळ संपे तेव्हा दर खेपेला एकच ठोकळा बसवायचा राहिलेला असे. नियमाप्रमाणे मी शून्य लिहीत गेले.

नव्या विद्येचा तोरा होता. बेरीज घेऊन मी वडिलांकडे गेले. "बाबा, याला पुढचं शिक्षण झेपायचं नाही." त्याच वर्षी वडिलांनी त्याला शाळेतून काढले आणि फाउंड्रीसाठी लाकडी साचे करणाऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली घातले. घरात त्याचे नाव गोगलगाय पडले. मीही हसले होते.

(इथे उठून अंगणात तीन चकरा मारून आले. भावजयीने खिडकीतून विचारले, "काही हरवलं का?" मी नाही म्हटले.)

कलम २. ते नाव माझ्यामागे या घरात कोणीही उच्चारू नये. हे कायद्याने बंधनकारक करता येत नाही असे वकीलबाई म्हणतात. तरी लिहिले आहे. भावाच्या साच्यावरून ओतलेला पंप पहिल्याच खेपेला बसतो, आणि फाउंड्रीवाले त्याच्यासाठी महिना महिना थांबतात.

कलम ३. माझे दागिने आणि शिलाई मशीन भावजयीला द्यावे. मी तिला तीस वर्षे रोज काही ना काही चुकले म्हणून सांगितले. माझे चुकले असे तिने मला एकदाही सांगितले नाही. बँकेतली शिल्लकही तिलाच.

कलम ४. मी नोकरी केली त्या चाचणी केंद्राचे माजी संचालक हयात आहेत, रोज सकाळी काठी फिरवत बागेत जातात. त्यांना माझ्याकडून काहीही जात नाही. त्यांच्याकडून मात्र मी एक वस्तू परत घेते. ती म्हणजे खाणवस्तीच्या अहवालावरची माझी सही.

मी चाळीस वर्षांची असताना केंद्राने शहरातल्या आणि दगडाच्या खाणीजवळच्या वस्तीतल्या मुलांची तुलना केली. चाचण्या मी घेतल्या. वस्तीतल्या मुलांची सरासरी बरीच खाली आली. संचालकांनी अहवालात लिहिले की हा फरक उपजत आहे आणि शिकवून भरून निघण्यासारखा नाही. मी वाचले, पटले, सही केली. शाळेने वस्तीतल्या मुलांसाठी वेगळा वर्ग काढला. त्या वर्गाला बीजगणित नाही, विज्ञान नाही, कागदाच्या पिशव्या करणे आहे.

पुढच्या वर्षी माझे स्टॉपवॉच बिघडले. मी ते भावाला दुरुस्तीला दिले. त्याने नेहमीप्रमाणे सवडीने काम केले, आणि तो महिनाभर मी ठोकळ्यांची चाचणी घड्याळाविना घेतली. वस्तीतल्या तेवीस मुलांपैकी एकोणीस जणांनी शेवटच्या चित्रापर्यंत मजल मारली. त्यात नऊ वर्षांची दोन वेण्यांची मुलगी होती. तिने विचारले, "बाई, आज ते टिकटिक नाही?"

"नाही. का गं?"

"मग बरंय. आमची आई म्हणते, आधी नीट बघायचं, मग हात लावायचा. काकांची बोटं न बघता हात घातला म्हणून गेली."

खाणीत घाई केली की बोटे जातात. त्या मुलांना थांबायला शिकवले होते, आणि मी त्यांच्या थांबण्याचे गुण कापत होते. शहरातल्या मुलांनाही मी घड्याळाविना बसवले. त्यांचे गुण जेमतेम हलले. दोन्हीकडचे सरासरीतले अंतर जवळजवळ मिटले. सगळी वस्ती संथ होती असेही नाही. त्या मुलीचा सख्खा भाऊ चित्र पुरते न बघताच ठोकळे फेकत होता. एकाच छपराखालच्या त्या दोघांत जेवढा फरक मला सापडला, तेवढा शहर आणि वस्ती यांच्यात कधीच नव्हता. हे मला आधी कळायला हवे होते. माझ्या घरात दोन भावंडे होतीच.

मी कागद घेऊन संचालकांकडे गेले. ते म्हणाले, "घड्याळ काढलं तर चाचणी कसली? आणि बाई, अहवालावर सही तुमचीसुद्धा आहे." मी कागद उचलले आणि परत आले. पुढच्याच वर्षी मला बढती मिळाली. ती मी नाकारली नाही.

कलम ५. त्या तेवीस मुलांचे आणि शहरातल्या मुलांचे नोंदकागद, अहवालाच्या जाडजूड प्रतीसह, माझ्या कपाटात पत्र्याच्या पेटीत आहेत. ती पेटी माझ्या मृत्यूनंतर त्याच दोन वेण्यांच्या मुलीला द्यावी. ती आता खाणीवर क्रेन चालवते. तो वर्ग अजून चालू आहे, फक्त दारावरची पाटी बदलली, आणि तिची मुलगी त्याच वर्गात बसते.

इथपर्यंत काल लिहून झाले होते. सह्यांसाठी साक्षीदार आज संध्याकाळी पाचला यायचे होते. सकाळपासून मी चार वेळा पंखा लावला, चार वेळा बंद केला. दुपारी कागद घेऊन मागे शेडमध्ये गेले आणि भावाला सगळे वाचून दाखवले. तो एका साच्याची कड घासत होता. वाचून झाले तेव्हा त्याने पॉलिश पेपर खाली ठेवला. मी मनातल्या मनात सेकंद मोजत असल्याचे माझ्या लक्षात आले आणि मला स्वतःची शिसारी आली.

"ताई," तो म्हणाला, "माझं मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तेव्हापासून. बाबांनीच सांगितलं. तुझ्या ताईनं मोजलंय म्हणाले."

"मग एवढी वर्षं बोलला का नाहीस?"

"सुरुवातीला राग होता. भूमितीचं पुस्तक मी शाळेला परत दिलंच नाही, चोरलं म्हण. मग साचे करायला लागलो तेव्हा ते कामाला आलं. राग कुठेतरी गेला. सगळा गेला असं नाही म्हणत." त्याने भुसा झटकला. "ती पेटी तू गेल्यावर का द्यायची?"

"तोपर्यंत कोणाला त्रास नको म्हणून."

"तिची मुलगी कितवीत आहे?"

"चौथीत."

तो पुन्हा थांबला. या वेळी मी मोजले नाही.

"आणि तू अजून दहा वर्षं जगलीस तर?"

ही वजाबाकी मला कोणत्याही मृत्युपत्रात सुचली नव्हती.

कलम ५ दुरुस्ती. वरील कलम रद्द. पत्र्याची पेटी माझ्या मालमत्तेत धरू नये, कारण माझ्या मृत्यूच्या वेळी ती माझ्याकडे नसेल. सोमवारी सकाळी खाणीची पाळी सुरू होण्याआधी मी ती क्रेनवालीच्या हातात देणार आहे आणि तिला काय झाले ते माझ्या तोंडाने सांगणार आहे. ती काय म्हणेल ते मला माहीत नाही. ती म्हणेल तर तिच्याबरोबर शाळेत जाईन, संचालकांकडेही जाईन. पेटी जड आहे. एका बाजूने भाऊ धरणार आहे.

हे सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, साक्षीदारांसमोर वाचले, आणि त्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

लिहून ठेवणार: सही (निवृत्त चाचणी परीक्षक)

साक्षीदार:
१. सही (दाखला देणारे डॉक्टर)
२. सही (समोरच्या शिंपीणबाई)

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च, शनिवार, सायंकाळी साडेपाच