डावरा हिरो

आई, यंदाचे पिक्चर सगळे भिकार निघाले. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर दुसरंच काहीतरी बोलत बसेन आणि हे राहून जाईल. शिवाय आपल्याकडे वर्ष संपताना आधी पिक्चरचा निकाल लागायचा, मग बाकीच्या गोष्टी. तू स्टोव्हपुढे पाटावर बसलेली आहेस, समोर परातीत मोड आलेले वाल आहेत, आणि चिमटीत दाबून एकेक दाणा सालातून बाहेर काढत तू वर्षभराचे पिक्चर नापास करते आहेस. हा आपटला. तो उगाच चालला. त्यातली हिरोईन रडताना शिंकल्यासारखी दिसते. वर्षातून एखादाच पिक्चर तुला आवडायचा, तेव्हा तू दाणा वाटीत टाकायच्या ऐवजी माझ्या तोंडात टाकायचीस, कच्चा, तुरट. रेडिओवर वर्षाची गाणी खालच्या नंबरपासून वर मोजत आणायचे आणि पहिल्या नंबरला भलतंच गाणं आलं की तू त्या रेडिओवरच्या माणसाशी भांडायचीस, “मेल्या, कान आहेत का भोकं?” मग रात्री बिरडं. बाबा अंबरनाथच्या कारखान्यातून येऊन जेवायला बसले की म्हणायचे, आज भाजीत मीठ कमी आणि पिक्चर जास्त आहेत.

तर यंदाचं ऐक. यंदा कोणी गरीब नाही. एकाही पिक्चरमध्ये नाही. हिरो परदेशातून येतो, बंगल्यात जिना असतो, जिन्यावर पन्नास माणसं उभी राहून लग्नाची गाणी म्हणतात आणि त्यातला एकही माणूस कामाला जात नाही. व्हिलन तर बंदच झाले. आता हिरोईनचा बाप हाच व्हिलन, आणि तोही शेवटच्या रिळात डोळे पुसून पोरीचा हात सोडतो. तुला आवडले असते ते मारामारीचे पिक्चर अजून येतात, नाही असं नाही, पण त्यातले हिरो म्हातारे झालेत, लाथ मारताना कॅमेरा दुसरीकडे वळतो. बर्फात हिरोईनला पातळ साडी आणि हिरोला जाड स्वेटर, हे मात्र तसंच आहे. तू म्हणायचीस, बाईला कुठंही गारठू द्यायचं, एवढंच यांना येतं.

आणि आता पॉप म्हणून एक निघालंय. पॉप म्हणजे पिक्चर नसलेलं गाणं. एकच माणूस, एकच कॅसेट, आणि टीव्हीवर दिवसातून पंधरा वेळा तेच. शब्द पंजाबी, मोटारसायकल मुंबईची, मागे नाचणाऱ्या पोरी कुठल्या ते देव जाणे. जुनी गाणीसुद्धा सोडत नाहीत, तुझीच गाणी, त्यांच्यावर ढोल आपटून नवीन म्हणून विकतात. मला हे जास्त माहीत, कारण मधे दीड वर्ष मी उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये कॅसेटच्या टपरीवर होतो. तिथे मूळ गायकाच्या जागी दुसऱ्याच कोणाचा तरी आवाज भरलेल्या कॅसेटी यायच्या, कव्हर इतकं सारखं की घरी जाऊन ऐकल्याशिवाय कळू नये. शेठ सिंधी, माणूस चांगला. गिऱ्हाईक परत आलं तर म्हणायचा, “साईं, गाना तो वही है ना?” ते वाक्य ऐकलं की दर वेळी मी टपरीबाहेर जाऊन उभा राहायचो. का, ते पुढे लिहितो. मग ते सोडलं. पोस्टर चिकटवायला अंबरनाथला गेलो, तेही सोडलं. आता केबलच्या वायरी ओढतो, चिखलोलीच्या नव्या बिल्डिंगांवरून, बदलापुरात, जिथे शिडी लागेल तिथे. दुपारी लोकांच्या घरात टीव्ही चालतो का बघायच्या निमित्ताने मी ही सगळी गाणी पाहतो. म्हणजे मत द्यायचा मला हक्क आहे.

श्रावणात एक गाणं आलं. बाजारातून गिटार वाजवत चाललेला पोरगा, आणि तो डाव्या हाताने वाजवत होता. मी पक्कड हातात घेऊन तसाच उभा. घरातल्या बाई म्हणाल्या, अहो दादा, लागला ना चॅनल? मी ऐकलंच नाही. एवढ्या वर्षांत पहिला डावरा, असं मी मनाशी म्हणत होतो, आणि तेवढ्यात त्याच्या मागची दुकानाची पाटी दिसली. उलटी. आरशात दिसते तशी. चित्र उलटं फिरवलं होतं त्यांनी, का कोण जाणे. तेव्हापासून तू डोक्यातून जात नाहीस, आणि दिवाळीपासून मला तुझा राग येतोय. दहा-अकरा वर्षं झाली तुला जाऊन, आणि राग यंदाचा आहे, ताजा.

आता शाळेचं सांगतो, तुला माहीत असलं तरी. दुसरीत मी डाव्या हाताने लिहायचो म्हणून मास्तर लाकडी पट्टी आडवी नाही, उभी मारायचे, बोटांच्या सांध्यांवर. पाटीवर अक्षर बरं यायचं, तरी मारायचे. वर्गातली पोरं डाव्या हाताने काय धुतात ते मला रोज सांगायची. घरी आत्या म्हणायची, याचा हात बांधा, डावऱ्याच्या हातचं देवाला चालत नाही. तू काहीच म्हणाली नाहीस. मास्तरांना जाऊन भेटली नाहीस, आत्याला उलट बोलली नाहीस. बोटांना खोबरेल लावलंस आणि गणपतीत मला पिक्चरला नेलंस.

गावात गणपतीत आळीच्या मधोमध दोन बांबूंना पांढरा पडदा बांधायचे आणि उल्हासनगरहून टेम्पोतून पिक्चरचं मशीन यायचं. आरतीनंतर सुरू. पुढच्या बाजूला लोक दुपारपासून गोणपाटं टाकून जागा धरायचे, ज्यांना जागा मिळायची नाही ते पडद्याच्या मागे बसायचे. कापडातून चित्र आरपार दिसतं, फक्त थोडं फिकट. आपण मागे बसलो. मला वाटलं, भांडी घासून निघायला तुला उशीर झाला. सुरुवातीला नावं आली ती मला वाचता येईनात, अक्षरं नुकतीच शिकलो होतो आणि एकही सरळ दिसेना. मी तुला विचारलं. तू म्हणालीस, मशीन उल्हासनगरवाल्यांचं आहे ना, त्यांच्या दुकानांवर नाही का सिंधी पाट्या, उजवीकडून डावीकडे लिहीत जातात, तसंच आहे हे. मला पटलं. कॅम्पातल्या बाजारात मी त्या पाट्या पाहिल्या होत्या. माझ्यासारख्या कुठल्याही पोराला पटलं असतं.

आणि मग हिरोने डाव्या हाताने ठोसा मारला. डाव्या हाताने जेवला. हिरोईनला फूल दिलं ते डाव्या हाताने. तू माझ्या कानाशी वाकून म्हणालीस, “बघितलंस? हिरो पण डावराच.”

चार वर्षं, आई. चार गणपती. दर वर्षी पडद्यामागे, आणि दर वर्षी हिरो डावरा. मी वर्गात सांगत सुटलो. पोरं म्हणायची, चल, आम्ही पण बघितलाय तो पिक्चर. मी म्हणायचो, तुमचं लक्ष नव्हतं. मारामारी केली त्यावरून, एकाचा दात पाडला, डाव्या हाताने. मास्तरांची पट्टी बसायची तेव्हा मी मनात म्हणायचो, मार, तुला काय माहीत. चौथ्या वर्षीचा पिक्चर माझा सगळ्यात आवडता. हिरो तुरुंगात बसून आईला पत्र लिहितो. डाव्या हाताने, उजवीकडून डावीकडे, सावकाश. त्या रात्री झोपेत माझा हात हलत होता असं तूच सांगितलंस.

पुढच्या मे महिन्यात तोच पिक्चर उल्हासनगरला थिएटरात परत लागला. बाबांना कारखान्यातून दोन पास मिळाले आणि ते स्वतः काही येणार नव्हते. तूच नेलंस मला. हे मला कळत नाही. नकार द्यायचा होतास, पोट दुखतंय म्हणायचं होतंस. तुला तो पिक्चर एकदा समोरून बघायचा होता का? सुरुवातीची नावं मला सरळ वाचता आली तेव्हाच माझं काहीतरी बिनसलं. मग ठोसा उजव्या हाताने. जेवण उजव्या हाताने. मी पत्राची वाट बघत होतो. हिरोने उजव्या हातात पेन धरलं आणि डावीकडून उजवीकडे, आमच्या मास्तरांना आवडेल असं, लिहायला लागला.

मी सीटवर उभा राहून नीट ऐकू जाईल असं म्हणालो, “तू खोटं बोललीस. हा डावरा नाही.” मागून कोणीतरी म्हणालं, “बैठ जा ओ हीरो.” लोक हसले. तू पडद्यावरून नजर काढली नाहीस. म्हणालीस, “हात तर त्याचाच आहे ना.” शेठचं वाक्य ऐकलं की मला हेच ऐकू यायचं.

इंटरव्हलला तू सामोसा आणलास आणि नेहमीसारखा माझ्या डाव्या हातापुढे धरलास. मी उजवा हात पुढे केला. तू थोडा वेळ तसाच धरून ठेवलास, मग दिलास. पुढचा अर्धा पिक्चर कसा होता ते आपल्यापैकी कोणालाच सांगता आलं नसतं. त्या वर्षी वाल सोलताना तू निकाल लावला नाहीस, आणि गणपतीत डोकं दुखतंय म्हणून घरी राहिलीस.

शाळा उघडली तशी मी उजव्या हाताने लिहायला लागलो. मास्तरांनी सगळ्या वर्गाला माझी वही दाखवली, बघा, सुधारला. सुधारला कसला. अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं झालं, पेपर अर्धे राहायला लागले, नववीत दोनदा बसून शाळा सुटली. तोवर तू नव्हतीस. काविळीने आठ दिवसांत गेलीस. शेवटी शेवटी दवाखान्यात तू म्हणालीस, कागद घे, यंदाची गाणी सांगते, लिही. मला वाटलं तुला वर्षाचा निकाल लावायचाय. तू सहा गाणी सांगितलीस, मी लिहिली. एकदासुद्धा कागदाकडे बघितलं नाहीस. हाताकडे बघत होतीस. सातवं सांगितलंच नाहीस.

हे सगळं इथपर्यंत मला माहीत होतं आणि त्याचं मी एक ठरवून टाकलं होतं: आई अडाणी होती, तिलाही खरंच तसंच वाटत होतं, बिचारी. अडाणी आईला माफ करणं सोपं असतं. मग दिवाळीनंतर काकीकडे कनेक्शन द्यायला गेलो, आपल्या शेजारची काकी, आता दात नाहीत पण जीभ तीच. मी शिडीवर, ती खाली खुर्चीत. म्हणाली, आता घरात टीव्ही आला तर बघायला माणूस नाय, तेव्हा पडद्यासमोर जागा धरायला किती मारामारी. मग म्हणाली, “तुझ्या आयेसाठी मी दरसाल पुढं गोणपाट टाकून ठेवायची. पार पहिल्या रांगेत. ती काय यायची नाय. म्हणायची, माझ्या पोराला तिकडनंच बरं दिसतंय.” मी शिडीवरून विचारलं, तिला माहीत होतं का, मागून उलटं दिसतं ते? काकी म्हणाली, “अरे ती काय आंधळी होती का?”

म्हणजे तुला माहीत होतं. मग राग कशाचा, तर याचा, की एवढी डोक्यालिटी लढवलीस, सिंध्यांच्या पाट्या मधे आणल्यास, पहिली रांग सोडलीस, पण शाळेत जाऊन एका माणसाला, माझ्या पोराला मारू नका, एवढं म्हणाली नाहीस. तुला पट्टीवाल्या मास्तरांपेक्षा अख्खा पिक्चर उलटा करणं सोपं वाटलं. आणि ते चाललंसुद्धा, चार वर्षं. यंदाच्या एकाही पिक्चरमध्ये असली आई नाही. त्या नुसत्या आरतीचं ताट घेऊन दारात उभ्या असतात.

कागद संपत आला. पत्र टाकायचं कुठे हा प्रश्नच नाही, वायरीच्या पिशवीत राहील. एकच राहिलं. सगळ्यांना मी सांगतो, आणि लोक मास्तरांना शिव्या देतात तेव्हा गप्प ऐकून घेतो, की मारून मारून माझा हात बदलला. तसं नाही. पट्टी मी आणखी दहा वर्षं सोसली असती. हात मी त्या सामोशाच्या वेळी बदलला, तुला दाखवायला, तुला लागावं म्हणून. तुला लागलं ते दिसलं होतं मला, तरी परत बदलला नाही. वरचं सगळं नेहमीसारखं उजव्याने लिहिलंय. या शेवटच्या पाच-सहा ओळी डाव्याने. अक्षर पाचवीतलंच राहिलंय, जरा मोठं, आणि लिहिलेल्यावरूनच हात पुढे जातो म्हणून पुसट झालंय. करंगळीखाली सगळं निळं लागलं.