सवतीबरोबर उत्तरेला

१२ ऑगस्ट, शनिवार

बोटीवर चढले. अजून उतरता येईल — पण उतरून जाणार कुठे? व्हँकूवरमध्ये माझं कोण आहे!

केबिन एकच. खाटा दोन, मध्ये जेमतेम हातभर जागा. एका खाटेवर मी, दुसरीवर कोरीन. बावीस वर्षांपूर्वी माझा नवरा घेऊन गेली ती कोरीन. खिडकीजवळची खाट हवी का, म्हणून तिनं मला विचारलं. मी नको म्हटलं. मग तिनं घेतली. तिला घ्यायची सवयच आहे.

१३ ऑगस्ट, रविवार

डोळ्याला डोळा लागला नाही. बाई घोरते. आमच्या रँगल गावातली लाकूड कापायची गिरणी बंद पडून इतकी वर्षं झाली, ती रात्रभर माझ्या उशाशी चालू होती.

मी इथे का आले, ते एकदा नीट लिहून काढते. ही सहल लेलँडनं ठरवली होती, डिसेंबरात, स्वतःसाठी आणि कोरीनसाठी. आठवडाभर बोट, मग आगगाडी, सगळीकडे वाटाड्या बरोबर. फेब्रुवारीत त्याचं हृदय बंद पडलं. एप्रिलमध्ये कोरीननं मला दुकानात गाठलं, गोठवलेल्या मटारांपाशी. बावीस वर्षं त्याच दुकानात आम्ही एकमेकींना मान हलवून पुढे जात आलो. त्या दिवशी ती थांबली. म्हणाली, दुसऱ्या तिकिटावरचं नाव बदलून मिळतं, आर्डिस, तू येशील का?

मी हो म्हणून बसले. घरी आल्यावर प्रश्न पडला. मीच का? तिची सख्खी बहीण टाकोमाला राहते.

तिला गुरुवारचं कळलंय. दुसरं काय असणार.

१४ ऑगस्ट, सोमवार

केचिकान. पाऊस, अर्थातच.

टॅबिथा नावाची पोरगी आमची वाटाडी. हातात पिवळा फलक, दर तासाला आमची मोजणी. आज तिनं सगळ्यांना झाडावरचा गरुड दाखवला. गटातली ओहायोची मंडळी फोटो काढून दमली. आमच्या गावात गरुड कचऱ्याच्या ढिगावर बसतात. कोरीननं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. 

दुपारच्या जेवणाला बर्ल नावाच्या ओहायोच्या म्हाताऱ्यानं विचारलं, तुम्ही बहिणी का? मी काही बोलायच्या आत कोरीन म्हणाली, "नाही. आमचा नवरा एक होता." बर्लनं जेवण अर्धं टाकलं आणि उठून गेला. मला हसू आलं. ते आलं याचा रागही आला.

१५ ऑगस्ट, मंगळवार

जुनो. दात काढायला इथे यायचे, फिरायला आज पहिल्यांदाच आले.

१६ ऑगस्ट, बुधवार

स्कॅगवेला उतरताना ओल्या फळीवरून पाय सरकला. कोरीननं दंड धरला नसता तर कमरेचं हाड गेलं असतं. धरल्यावर तिनं लगेच सोडला नाही, चांगलं सडकेपर्यंत नेलं. तेव्हाच सांगून टाकावं असं वाटलं. तोंडापर्यंत आलं होतं. मग टॅबिथा मोजायला आली.

इथे तरी सांगते. ही वही कोण वाचणार आहे?

लेलँड पाच वर्षं दर गुरुवारी माझ्याकडे यायचा. निवृत्त झाला त्या वर्षापासून. बोट बघून येतो असं कोरीनला सांगून निघायचा. माझ्याकडे आला की चार लाकडं फोडायचा, हॅलिबट माशाचं सूप प्यायचा, शेपू जास्त घातलेलं, आणि एक ते तीन माझ्या आरामखुर्चीत झोपायचा. बस. हात म्हणून कधी लावला नाही. फारसं बोलायचाही नाही. पण मी काय समजायचं ते समजले. त्याला पस्तावा झालाय. एकदम परत यायची हिंमत नाही, म्हणून हप्त्याहप्त्यानं येतोय. मी बुधवारी केस धुवायचे. अडुसष्टाव्या वर्षी!

आणि खरं सांगायचं तर त्यात दुसरीही मजा होती. तिनं माझं घेतलं, आता मी तिचं थोडं थोडं घेते आहे. त्याला पुरण्याच्या दिवशी चर्चमध्ये मी शेवटच्या बाकावर बसले होते. तिचे खांदे हलताना दिसले तेव्हा पहिल्यांदा ही मजा घशात अडकली.

१७ ऑगस्ट, गुरुवार

आज हिमनदी. सकाळपासून सगळे डेकवर. टॅबिथानं गप्प राहायला सांगितलं. शंभर माणसं गप्प, आणि समोर ती निळी भिंत कुरकुरत होती. मग एक सुळका हळूच झुकला, पाण्यात गेला. आवाज नंतर आला. ओहायोवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, जणू कोणी ठरवून पाडला.

कोरीन माझ्या शेजारी कठड्याला टेकून उभी. दुर्बीण डोळ्याला तशीच ठेवून म्हणाली, "आज गुरुवार आहे, नाही का?"

मी हो म्हटलं. आणि थंडीचं निमित्त करून आत आले. 

१८ ऑगस्ट, शुक्रवार

दिवसभर तिला टाळलं. नाश्ता बर्लच्या टेबलावर केला. त्याच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची कथा दोनदा ऐकली, तिसऱ्यांदाही ऐकली असती. कोरीन भांडली असती, तिनं जाब विचारला असता तर सोपं होतं. पण ती येऊन माझ्या पायांवर शाल टाकून गेली.

झोप कुठलीच नाही. आज सहावी रात्र झाली. भीतीनं म्हणावं, तर बाईसाहेबांची गिरणी भीतीला जागाच ठेवत नाही.

१९ ऑगस्ट, शनिवार

हे नीट लिहायला हवं. 

सकाळी व्हिटियरला बोट सोडली आणि आगगाडीत बसलो. डब्याचं छतसुद्धा काचेचं. बोगदा संपला, उजेड आला, खुर्ची मऊ होती. पुढचं मला आठवत नाही. मी झोपले. तोंड उघडं टाकून झोपले असणार. टल्कीटना गावाच्या पुढे म्हणे ढग फाटले आणि डेनाली पर्वत शेंड्यापासून पायापर्यंत दिसला. सगळा डबा एका बाजूला गोळा झाला. टॅबिथा मला उठवायला आली तर कोरीननं तिला परत पाठवलं.

जागी झाले तेव्हा डोंगर गेला होता. समोर कोरीन, माझ्याकडे बघत बसलेली.

"लेलँड पण असाच झोपायचा का गं तुझ्याकडे?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. हो म्हटलं. एक ते तीन.

"नुसता झोपायचा?"

"सूप प्यायचा. मग झोपायचा."

"आणि?"

"आणि उठून तुझ्याकडे यायचा. कोरीन, मी त्याला दुसरं काही देऊ केलं नाही, त्यानं मागितलं नाही. पण तुझं काहीतरी चोरतेय म्हणून मला बरं वाटायचं. हे सांगायला हवं होतं."

 मग तिनं सांगितलं. तिला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. त्याच वर्षी लेलँडनं बोट विकून टाकली होती आणि तरी हा दर गुरुवारी बोट बघायला जात होता! स्वेटरला लाकडाचा भुसा, श्वासाला शेपूचा वास. गावात एवढा शेपू कोण घालतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिनं त्याला कधी विचारलं नाही. तिला वाटायचं, आपल्याजवळ याचा जीव रमत नाही, विचारलं तर कायमचा जाईल. तो गेल्यापासून एवढंच डोक्यात होतं तिच्या: तिथे जाऊन तो करायचा काय? म्हणून तिनं मला आणलं. आणि आठवडाभर तिलाही विचारायचं धैर्य झालं नाही.

मग तिनं हळूच विचारलं, मी घोरते का?

मी काय सांगणार? म्हटलं, जरा.

"आर्डिस."

"कोरीन, सात रात्री मी मेले आहे."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडते आहे. हसत होती. डॉक्टरनं तिला रात्री नाकाला लावायचं यंत्र दिलं होतं. नवऱ्यासमोर ते लावून झोपायची लाज वाटली, म्हणून कपाटात ठेवून दिलं. आणि लेलँड? त्यानं एका शब्दानं तक्रार केली नाही. "मला पहाटे उठायला आवडतं," एवढंच तिला म्हणायचा. मला सोडून गेला तेव्हाही तो कॉफीच्या डब्याखाली चिठ्ठी ठेवून गेला होता. तोंडावर सांगणं त्याला जन्मात जमलं नाही.

आधी मला लागलं. कबूल करते. पाच वर्षं बुधवारचे केस धुतले, आणि हा गडी झोप भरून काढायला येत होता! पण मग माझंही हसू सुटलं. आम्ही इतक्या हसलो की बर्ल पाणी घेऊन आला. एकीला वाटत होतं त्याचं आपल्यावर प्रेम नाही, दुसरीला वाटत होतं आपल्यावरच आहे, आणि त्या माणसाला हवी होती दोन तासांची झोप.

"म्हणजे फिट्टंफाट?" मी विचारलं.

"तुझी दोन तासांची चोरी," ती म्हणाली. "माझी बावीस वर्षांची. फिट्टंफाट कसली?"

 बाहेर नुसती झाडं, मैलोन्‌मैल.

२० ऑगस्ट, रविवार

टॅबिथाकडून कानात घालायचे बोळे मागून घेतले. नऊ तास झोपले. अस्वलं पाहिली म्हणतात सगळे. मी पाहिली नाहीत, काही बिघडलं नाही.

आज दिवसभर अंगात एक हलकेपणा आहे. ओझं उतरलं असं म्हणतात, तसंच. एवढी वर्षं मी लेलँडची वाट बघत होते, तो मेल्यावरसुद्धा. आज बघत नाहीये. ते वाट बघणं कुठे गेलं, कळलं नाही.

२१ ऑगस्ट, सोमवार

फेअरबँक्स. टॅबिथानं शेवटची मोजणी केली, सगळे भरले. बर्लनं कोरीनचा पत्ता मागितला! तिनं माझा दिला.

२५ ऑगस्ट, शुक्रवार

रँगल. सकाळी नगरपालिकेच्या कचेरीत गेले. लग्नानंतर लेलँडनं आणि मी दफनभूमीत दोन जागा शेजारी शेजारी घेतल्या होत्या. घटस्फोटात त्या वाटायच्या राहिल्या. फेब्रुवारीत त्याला त्याच्या जागेत ठेवलं. शेजारची रिकामी कोणाची, ते कोरीननं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बावीस वर्षं त्या जागेचा तेवढा कागद मी जपला होता.

आज ती जागा कोरीनच्या नावावर करून दिली. तिथल्या बाईनं सही तपासली आणि विचारलं, मग तुमची जागा कुठे हवी?

म्हटलं, अजून बघते आहे.